जाडसर ओट्स आणि ज्वारीच्या कण्या : सकाळच्या न्याहारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या घरात ज्वारीच्या कण्या शिजतात, त्या घराला ओट्स वेगळे शिकवावे लागत नाहीत. धान्य नवं आहे, पण भरड धान्याला पाणी किती, आच किती आणि वेळ किती हे गणित जुनंच आहे. ओट्स बिघडतात ते बहुतेक वेळा पाकिटावरचं ‘३ मिनिटांत तयार’ वाचून घाई केल्यामुळे, किंवा एका प्रकारच्या ओट्सचं माप दुसऱ्याला लावल्यामुळे. खालच्या उत्तरांत ‘वाटी’ म्हणजे १५० मिलीची सपाट भरलेली वाटी. तुमची आमटीची वाटी मोठी असेल तर एकदा पाणी मोजून खात्री करून घ्या.

दुकानात तीन-चार प्रकारचे ओट्स दिसतात. त्यांत फरक काय?

दाणा एकच, त्याच्यावरची क्रिया वेगळी. ओट्सच्या दाण्यावर भाताच्या तुसासारखं कडक टरफल असतं. ते काढलं की उरतो तो अख्खा ओट, कोंडा आणि अंकुरासकट. या दाण्यात इतर धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त, १०० ग्रॅममध्ये साधारण ७ ग्रॅम, आणि तो खवट करणारं एन्झाइमही दाण्यातच असतं. म्हणून कारखान्यात दाण्याला वाफ आणि उष्णता देऊन ते एन्झाइम निकामी करतात. म्हणजे पाकिटातले ‘कच्चे’ ओट्स पूर्णपणे कच्चे कधीच नसतात.

अख्ख्या दाण्याचे पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकडे केले की ते स्टील कट ओट्स. आपल्या भाषेत ओट्सच्या कण्या. दाणा वाफवून रुळांमधून चपटा केला की रोल्ड ओट्स, म्हणजे ओट्सचे पोहे. त्यातले जाड ते जाड पोह्यांसारखे, पातळ केलेले क्विक कुकिंग. आणखी शिजवून, आणखी पातळ लाटून वाळवले की इन्स्टंट. तिखटमिठाचा मसाला घातलेली छोटी पाकिटं असतात ती बहुधा या शेवटच्या प्रकारातली.

चारही प्रकारांत कोंडा असतो, त्यामुळे चारही ‘संपूर्ण धान्य’ म्हणवून घेऊ शकतात. पण दाणा जितका मोडलेला आणि आधी शिजवलेला, तितका तो पोटात लवकर उलगडतो आणि भूकही तितकीच लवकर परत लागते. भरपेट न्याहारी हवी असेल तर जाड रोल्ड किंवा स्टील कट घ्या. इन्स्टंट प्रवासात ठीक.

पाकिटावर नेमकं काय बघायचं?

पुढची बाजू सोडून द्या, मागची घटकांची यादी वाचा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे पहिलं ते सर्वांत जास्त. साध्या ओट्सच्या यादीत एकच शब्द असावा. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) आलं तर पाकीट परत ठेवा. ‘मल्टिग्रेन’ याचा अर्थ एवढाच की धान्यं एकापेक्षा जास्त आहेत. ती अख्खी आहेत की पांढरी केलेली, हे त्या शब्दावरून कळत नाही.

किराणा दुकानात नुसतं ‘ओट्स द्या’ म्हटलं की बहुधा पातळ, तीन मिनिटांचे मिळतात. ‘जाड रोल्ड’ किंवा ‘स्टील कट’ असं नाव घेऊनच मागा. पारदर्शक पाकीट असेल तर चकत्या एका बोटाच्या नखाएवढ्या, अखंड आणि जाडसर दिसायला हव्यात. तळाशी पीठ साचलेलं असेल तर तो माल पातळ किंवा जुना.

माणशी किती घ्यायचे? वाटीने मोजलं तर चालेल का?

चालेल, पण चूकही इथेच होते. रोल्ड ओट्स हलके आणि फुगीर असतात, एका वाटीत ५५ ग्रॅमच्या आसपास बसतात. स्टील कट त्याच वाटीत १०५ ग्रॅमच्या घरात जातात, ज्वारीच्या कण्याही तेवढ्याच. म्हणजे ‘एक वाटी ओट्स’ या एकाच मापाचे दोन अर्थ होतात आणि दुसरा पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो. पातेलं भरून उरतं किंवा खाल्ल्यावर जड होतं, त्याचं कारण हेच.

एका मोठ्या माणसाला ४० ते ५० ग्रॅम कोरडं धान्य पुरतं : जाड रोल्ड असतील तर पाऊण वाटी, स्टील कट असतील तर अर्ध्या वाटीपेक्षा जरा कमीच, कण्या असतील तर अर्धी वाटी. ४० ग्रॅम ओट्समध्ये साधारण १५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं आणि ४ ग्रॅम तंतू असतात. वर दूध, दाणे, फळ काहीच नसेल तर एवढ्यावर दुपारपर्यंत निभत नाही, हे लक्षात घेऊनच ताट वाढा.

जाड रोल्ड ओट्स करायची नेमकी पद्धत सांगा.

एका माणसासाठी पाऊण वाटी ओट्स, दीड ते पावणेदोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. गोड करायचे असले तरी मीठ हवंच, नाहीतर चव कागदासारखी लागते.

जाड बुडाच्या कढईत ओट्स कोरडेच मंद-मध्यम आचेवर ४ मिनिटं परता. रंग बदलायची वाट पाहू नका. भाजल्या शेंगदाण्यासारखा वास आला की पुरे. दुसरीकडे पाण्याला आधण येऊ द्या. उकळत्या पाण्यात मीठ आणि ओट्स घालून एकदा नीट ढवळा आणि आच कमी करा. झाकण अर्धवट ठेवा, पूर्ण ठेवलं तर उतू जातात.

पुढची ७-८ मिनिटं दोन-तीनदाच ढवळायचं. सुरुवातीला पाणी वेगळं आणि चकत्या वेगळ्या दिसतात. पाचव्या मिनिटाला पाणी दुधाळ होतं. मग कडेचे बारीक बुडबुडे जाऊन मधे जाड, आळशी बुडबुडे ‘पुक् पुक्’ करत फुटायला लागतात. डाव तळाशी फिरवला की बुड क्षणभर दिसतं आणि लगेच भरून येतं. तिथेच गॅस बंद. हवे त्यापेक्षा जरा पातळ असतानाच बंद करायचं, कारण झाकून ठेवलेल्या तीन मिनिटांत ते पाणी ओढून घेतात. ही तीन मिनिटं टाळू नका. बाहेर मऊ आणि आत कच्चट लागणारे ओट्स बहुधा न मुरवलेले असतात.

माझे ओट्स गिच्च, चिकट होतात. का?

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो. तो पाण्यात सुटला की बुळबुळीतपणा येतो, आणि गुणही त्याच तंतूत आहे, त्यामुळे चिकटपणा पूर्ण घालवणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. कमी मात्र करता येतो. थंड पाण्यात घालून तापवले तर चकत्यांवरचा स्टार्च सावकाश सुटत राहतो आणि खिरीसारखं एकजीव होतं. आधणात घातले तर दाणा वेगळा राहतो. सतत ढवळण्याने चकत्या मोडतात आणि स्टार्च बाहेर येतो. उपमा ढवळायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण डाव खाली ठेवायला शिका. आधी कोरडे परतल्यानेही फरक पडतो. एवढं करूनही लगदा होत असेल तर तुमच्या पाकिटातले ओट्स पातळ आहेत, त्यांना ३ मिनिटांच्या वर आचेवर ठेवू नका.

स्टील कट ओट्स अर्धा तास उकळूनही कचकचीत राहतात. काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. त्यांनी थोडं दाताखाली यायलाच हवं. तरीही मध्यभाग पांढरा, खडूसारखा दिसत असेल तर पाणी किंवा वेळ कमी पडलाय.

दोघांसाठी पाऊण वाटी स्टील कट, तीन वाट्या पाणी. एका छोट्या चमचाभर तुपात दोन मिनिटं परतून उकळतं पाणी घाला, मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं विशेष लक्ष नको, शेवटची दहा मात्र तळाला लागू नये म्हणून दर दोन मिनिटांनी ढवळा. मधे पाणी आटलं तर गरम पाणीच घाला. थंड पाणी घातलं की शिजणं थांबतं आणि पुन्हा उकळी यायला वेळ जातो.

रात्री झोपताना हेच ओट्स तिप्पट उकळत्या पाण्यात टाकून, झाकण लावून, गॅस बंद करून ठेवले तर सकाळी एक वाटी पाणी वाढवून १० मिनिटांत होतात. ही युक्ती थंडीत उत्तम. उन्हाळ्याचं पुढे सांगितलंय.

कुकर लावता येतो का? आमच्या शिट्टीतून फेसच बाहेर आला.

थेट कुकरच्या भांड्यात ओट्स घातले की असं होणारच. त्यांचा फेस चिकट असतो, तो वाफेच्या वाटेत अडकतो आणि वाट तुंबली की धोका आहे. वरण-भात लावतो तसे डब्यात घालून, खाली पाणी ठेवून लावा. डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही, त्यात अर्धा छोटा चमचा तेल किंवा तूप सोडायचं (फेस दबतो), वर ताटली ठेवायची. स्टील कटला तिप्पट पाणी, मध्यम आचेवर ३ शिट्ट्या, मग मंद आचेवर ५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर दाब एकदम उतरतो आणि डब्यातलं उसळून सांडतं. रोल्ड ओट्सना कुकर लावायचं काही कारणच नाही.

रात्रभर भिजवलेले ओट्स सकाळी आंबट लागले. खराब झाले का?

एप्रिल-मे महिना असेल तर नवल नाही. सोलापुरात तेव्हा दिवसा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि रात्रीही ओटा गारठत नाही. अशा उबेत पाण्यात किंवा दुधात भिजवलेलं धान्य सात-आठ तासांत आंबायला लागतं. दुधातले असतील तर टाकून द्या, चाखून बघत बसू नका. परदेशी कृतींत लिहिलेलं ‘रात्रभर ओट्यावर ठेवा’ हे तिकडच्या थंड स्वयंपाकघरांसाठी असतं. इथे मार्च ते जूनमध्ये भिजवण फ्रीजमध्येच.

न शिजवता खायचे असतील तर जाड रोल्डच घ्या : पाऊण वाटी ओट्स, पाऊण वाटी उकळून गार केलेलं दूध, पाव वाटी घट्ट दही, एक चमचा तीळ किंवा भाजलेल्या जवसाची पूड. झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, ६ ते ८ तास. सकाळी वरून डाळिंबाचे दाणे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा सफरचंदाच्या मागे लागायची गरज नाही. दाणे रात्रीच घातले तर रंग सुटतो आणि डबा गुलाबी-करडा दिसतो, म्हणून ते ऐनवेळी. स्टील कट मात्र फक्त भिजवून खाऊ नका, दात दुखतील.

दुधात शिजवले की तळाला लागतात, आणि गूळ घातला की दूध फुटतं.

दोन वेगळे प्रश्न आहेत, पण उपाय जवळपास एकच : दूध उशिरा. दुधातली प्रथिनं तापल्या तळाला चिकटतात, त्यात ओट्सचा स्टार्च मिसळला की थर करपतो. आधी पाण्यात शिजवा, पाणी पाव वाटीने कमी घ्या, आणि शेवटच्या दोन मिनिटांत गरम दूध घाला.

गुळात थोडी आम्लता आणि क्षार असतात. उकळत्या दुधात तो पडला की दूध नासतं. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग किसलेला गूळ घालून हलक्या हाताने ढवळा. किंवा गूळ दोन चमचे पाण्यात वेगळा विरघळवून, गाळून घाला, खडेही जातात. माणशी दोन छोटे चमचे गूळ भरपूर झाला. आणि गूळ म्हणजेही साखरच हो, रंगाने पिवळी एवढंच.

गोड नको. तिखटमिठाचे कसे करायचे?

आमच्या मते ओट्सचं खरं सोनं इथेच होतं. दोघांसाठी : दीड वाटी जाड रोल्ड ओट्स कोरडे परतून बाजूला ठेवा. कढईत दोन छोटे चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या ५-६ पाकळ्या, कढीपत्ता, एक हिरवी मिरची. लसूण कडेने तांबूस झाला की एक बारीक चिरलेला कांदा, मग अर्धी वाटी गाजर आणि मूठभर मटार किंवा चिरलेली मेथी. भाज्या आधी शिजायला हव्यात, ओट्ससोबत टाकल्या तर गाजर कडक आणि ओट्स लगदा अशी गत होते. हळद, अर्धा छोटा चमचा मीठ, तीन वाट्या गरम पाणी. उकळी फुटली की ओट्स, ५-६ मिनिटं मंद आच, तीन मिनिटं झाकण.

पानात वाढल्यावर वर एक चमचा सोलापुरी शेंगाचटणी. शिजताना नको, कारण उकळल्यावर तिचा कुटलेला लसूण उतरतो आणि सुटलेलं तेल वर तरंगतं. चटणीत मीठ असतं म्हणूनच वर मीठ अर्धाच चमचा धरलंय. खरी चटणी उखळात किंवा खलबत्त्यात कुटलेली, हाताला तेल लागेल अशी असते. कोरडी भुकटी मिळाली तर तिच्यात चमचाभर दही कालवून घ्या. सोबत वाटीभर ताक असेल तर प्रथिनांची बाजूही सावरते.

अंडं खाणाऱ्यांनी उकडलेलं अंडं वर ठेवावं. पनीरही चालतं.

आपल्याकडे ज्वारी असताना ओट्स कशाला?

खरं सांगायचं तर, ‘कशाला’ म्हणण्याइतकं सोपं नाही आणि ‘ओट्सच हवेत’ म्हणण्याइतकंही नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बीला पिकणारी मालदांडी ज्वारी भौगोलिक मानांकन घेऊन बसलीय, आणि आपण ऑस्ट्रेलियाहून आलेल्या धान्याचं कौतुक करतो हे गमतीचं आहेच. ओट आपल्या देशातही पिकतो, पण मुख्यतः जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी.

आकडे बघा. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम, तंतूही १० ग्रॅमच्या घरात, स्निग्धांश दोनच्या आत. ओट्समध्ये तंतू तेवढेच, प्रथिनं १३ ग्रॅमच्या आसपास. एकूण तंतू सारखे असले तरी जात वेगळी. ज्वारीचे तंतू बहुतांश अविद्राव्य, पोट साफ ठेवणारे. कोलेस्टेरॉलवर काम करणारं बीटा-ग्लुकन ज्वारीत नगण्य, ते ओट्समध्ये आहे. दुसरीकडे ज्वारी स्वस्त, ताजी, ओळखीची आणि ग्लूटेनविरहित (ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन). तिच्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, आणि शिजल्यावर तिची प्रथिनं पचायला थोडी अवघड होतात. त्यावरचा इलाज घरात आधीपासून आहे : कण्यांबरोबर ताक, भाकरीबरोबर पिठलं.

आठवड्यातून तीन दिवस ओट्स, तीन दिवस कण्या हा आमचा कल. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर पारडं ओट्सकडे झुकवा.

कण्या गिरणीतून कशा काढून आणायच्या?

ज्वारी निवडून, पाखडून, खडे आणि काळे दाणे काढून घ्या. गिरणीवाल्याला नुसतं ‘जाड दळा’ सांगितलं तर जाड पीठ मिळतं. ‘कण्या काढायच्या आहेत, पाट ढिले करा’ असं सांगा. एका दाण्याचे तीन-चार तुकडे व्हायला हवेत. पहिली मूठ हातावर घेऊन बघा, पीठ जास्त पडत असेल तर तिथेच थांबवा. घरी आणल्यावर पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडेल ते पीठ भाकरीत किंवा आंबिलीत जाईल. वर राहतात त्या कण्या. कोंडा पाखडून टाकू नका, अख्ख्या धान्याचा अर्थ तोच.

शिजवायला : एक वाटी कण्या दोनदा धुऊन ६ तास भिजवा. चार वाट्या पाण्याला आधण, मीठ, त्यात निथळलेल्या कण्या. पहिली पाच मिनिटं सतत ढवळा (ओट्सच्या बरोबर उलट), नाहीतर तळाशी गोळा बसतो. मग मंद आचेवर ३५-४० मिनिटं. कुकरमध्ये डब्यात ४-५ शिट्ट्या. वरून लसणाची फोडणी आणि ताक. दोन-तीन माणसांना पुरतं.

ओट्स आणि कण्या एकत्र शिजवल्या तर?

वेळ जुळवली तर छान होतं. भिजवलेल्या कण्या आणि स्टील कट समान घ्या, कण्या आधी टाका, १० मिनिटांनी स्टील कट. रोल्ड असतील तर शेवटच्या ८ मिनिटांत. सगळं एकदम टाकलं तर ओट्सची खळ आणि त्यात कडक ज्वारी, असं काहीतरी ताटात येतं.

वेळ नसेल तर कडक भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तर?

उत्तम न्याहारी आहे. तीही अख्ख्या ज्वारीचीच.

मधुमेहात चालतात का?

माप आणि प्रकार सांभाळून, हो. स्टील कट आणि जाड रोल्डने साखर इन्स्टंटपेक्षा सावकाश वाढते. पण ओट्स पिष्टमय पदार्थच आहेत, ‘शुगर फ्री’ नाहीत. ४० ग्रॅम ओट्समध्ये सुमारे २७ ग्रॅम कर्बोदकं असतात. सोबत केळं, गूळ, खजूर घातला तर ओट्सना दोष देऊ नका. तिखटमिठाचे, भाज्या घालून, दही-अंडं-शेंगदाण्यांबरोबर खा. नवीन सुरू करताना घरच्या ग्लुकोमीटरवर खाण्यापूर्वी आणि खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर पाहा, तुमच्या शरीराचं उत्तर तिथे मिळेल. औषधाचा डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.

कोलेस्टेरॉल खरंच कमी होतं?

होतं, पण हळूहळू आणि मर्यादित. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली पाकिटांवर तसा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन या मापावर. ४० ग्रॅम ओट्समध्ये ते दीड ग्रॅमच्या जरा वर असतं. म्हणजे दिवसाला ७५ ग्रॅमच्या आसपास ओट्स लागतात : सकाळी ४० ग्रॅम, उरलेले संध्याकाळी धिरड्यात किंवा थालीपिठात दळून. हे रोज व्हायला हवं, आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ओट्स गोळीच्या जागी नाहीत, जोडीला आहेत.

सुरू केल्यापासून पोट फुगतं.

एकदम जास्त सुरू केलेत. पहिला आठवडा २० ग्रॅम, मग वाढवत न्या, आणि दिवसभरात पाणी वाढवा. कोरडं राहून तंतू वाढवले तर बद्धकोष्ठच होतं.

गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक (ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असेल तर?

ओट्समध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतात, वाहतुकीत आणि कारखान्यात गहू-जवाची भेसळ सहज होते. सीलिॲक असलेल्यांनी पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहिलेलेच घ्यावेत, तेही डॉक्टरांना विचारून, कारण काहींना ओट्समधलं ॲव्हेनिन हे प्रथिनही सोसत नाही. ज्वारी सुरक्षित, पण गिरणीत तुमच्या आधी गव्हाचं दळण झालं असेल तर ती सुरक्षितता तिथेच संपते. अशांनी कण्या घरच्या मिक्सरमध्ये, थांबत-थांबत काढाव्यात.

थायरॉईडची गोळी आणि चहा यांचं काय?

थायरॉईडची सकाळची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा ते एक तास थांबून न्याहारी करा. तंतू आणि दूध दोन्ही तिच्या शोषणाच्या आड येतात. चहाचा मुद्दा वेगळा : त्यातल्या टॅनिनमुळे धान्यातलं लोह कमी शोषलं जातं. हिमोग्लोबिन कमी असेल तर चहा न्याहारीनंतर तासाभराने, आणि ताटात लिंबू किंवा पेरूची फोड.

लहान मुलांना कधीपासून?

सहा महिन्यांनंतर, पूरक आहार सुरू झाला की. ओट्स भाजून, बारीक दळून, पाण्यात पातळ शिजवून. वर्षाच्या आत मीठ, साखर नको आणि मध तर अजिबात नको. अख्खे शेंगदाणे किंवा बदाम लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, त्यांची पूडच घाला.

किती दिवस टिकतात? आमच्याकडे जाळी धरली.

जाळी धरली म्हणजे आत अळ्या झाल्या, तो माल टाकायचा. पाकीट फोडल्यावर रबर लावून कपाटात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत काढा. नवीन माल जुन्यावर ओतू नका, आधी बरणी रिकामी करून पुसून वाळवा. उन्हाळ्यात ओट्स फ्रीजमध्ये ठेवलेले बरे, कारण उष्णतेने त्यांच्यातला स्निग्धांश खवटतो. जुन्या तेलासारखा किंवा रंगासारखा वास आला तर भाजून तो जात नाही, कडवटपणा उरतोच. कण्या महिनाभराला पुरतील एवढ्याच काढा. अख्खी ज्वारी टिकते, मोडलेली नाही.

सकाळी सातला घर सोडायचं असतं. आदल्या दिवशी करून ठेवता येईल?

स्टील कट आणि कण्या करून ठेवायलाच योग्य. चार वाट्या एकदम शिजवा, ताटात पसरून लवकर गार करा (खोल पातेल्यात आतून तासन्‌तास कोमट राहतं आणि आंबतं), मग एका वेळेच्या मापाने डब्यांत भरून फ्रीजमध्ये. तीन दिवस चांगले राहतात. ते थिजून वडीसारखे घट्ट होतात, घाबरू नका. एका वाट्याला पाव वाटी गरम पाणी घालून, डावाने फोडून, झाकण ठेवून मंद आचेवर ४ मिनिटं. फोडणी आणि चटणी रोज ताजी. दूध-गूळ घातलेले साठवू नका.

करपले, पातळ झाले, खारट झाले. आता?

करपले तर ढवळू नका. वरचे वर दुसऱ्या भांड्यात काढा, तळ तसाच सोडा. करपट वास तळ खरवडल्यानेच सगळीकडे पसरतो. पातळ झाले तर झाकण काढून दोन मिनिटं उकळा आणि पाच मिनिटं तसेच ठेवा. घाईत असाल तर चमचाभर दाण्याचं कूट. खारट झाले तर अर्धी वाटी साधे ओट्स वेगळे शिजवून मिसळा, किंवा बिनमिठाचं दही. बटाट्याची फोड टाकून मीठ ओढलं जात नाही, ती फोड फक्त खारट होते.